रोह्याचा परवाना

गोपिकेचा माणसावर भरवसा म्हणून नव्हता. शेजारीण "चहा घे वं" म्हणाली की हिच्या मनात पहिलं काय येणार, तर आज हिचं काय अडलं? दूध आलं की बोट बुडवून पाहायची, किराणा आला की पुडी हातावर तोलायची. नवरा होता तोवर हसून म्हणायचा, "तुह्या डोक्यात पोलीस ठाणं हाय, अन ते कधी बंद होत नाई." तो बिचारा गेला, ठाणं मात्र चालूच राहिलं.

पण खरं सांगायचं तर यंदा तिच्याकडे कारणही होतं. बुटीबोरीच्या कारखान्यांच्या पुढे पिपरी नावाचं गाव आहे. तिथं तिचं वावर, आणि त्याला लागून तिच्या दिराचं, रुपरावचं. मधे फक्त एक धुरा, म्हणजे बांध. कोणा गोदामवाल्याला दोन्ही वावरं एकत्र हवी होती. एकटं कोणाचं घ्यायला तो तयार नव्हता. रुपराव कधीचा पेन उघडून बसलेला. गोपिका काही ऐकेना. दिवाळीनंतर सरपंच सिंधूताईंच्या अंगणात दोघांची चांगलीच जुंपली, आणि रागाच्या भरात गोपिका बोलून गेली, "यंदाचा हरभरा घरी आला तं वावर माह्यं, मंग पुन्हा गोदामाचं नाव काढायचं नाई. अन रोह्यानं खाल्ला तं सही करते, जा!"

रुपरावने लगेच सिंधूताईंकडे पाहिलं. "ताई, आयकलं ना तुमी?" म्हणाला.

बोललेला शब्द आणि सांडलेलं दूध. झालं, आता हरभरा वाचवायचा होता.

रोही पाहिलाय का कधी? नीलगाय म्हणतात ती. धड घोड्याचं, तोंड हरणाचं, आणि भूक सासरवाडीला आलेल्या जावयाची. नर निळसर, माद्या भुऱ्या. कळपाने येतात, हरभऱ्याचे कवळे शेंडे खुडतात, उरलेलं लोळून तुडवतात. बुजगावणं त्यांना पाहुण्यासारखं वाटतं. गोपिकेने धुऱ्याला जुनी लुगडी बांधली, डबे वाजवले, फटाके फोडले. दोन दिवस रोही फिरकले नाहीत, तिसऱ्या दिवशी लुगड्याखालून वाकून आत.

शेवटी तिने वनखात्यात अर्ज केला. कायदा असा, की हरणाला, चितळाला हात लावाल तर थेट जेल, तिथं दयामाया नाही. पण पिकाची नासधूस करणारा रोही असेल तर परवाना मिळतो. तोही बंदुकीचं लायसन असलेल्या माणसानेच मारायचा, मारलेला खात्याच्या ताब्यात द्यायचा, आणि मटणाचं तर नावही काढायचं नाही. परवाना लवकर मिळाला. अडचण वेगळीच निघाली. मारणार कोण?

एकेकाळी या पट्ट्यात घराघरात बंदूक होती म्हणतात. आता निवडणूक आली की ती ठाण्यात जमा करा, नूतनीकरणाला खेटे घाला, वर पोरं म्हणतात, बाबा, विकून टाका ना ते लोखंड. काही म्हातारे उरलेत, त्यांना रोही म्हणजे गाईची बहीण. पाप लागते म्हणतात. एकाचे हात कापतात. एकाने तर बंदूक विकून फ्रीज घेतला. परवाना गोपिकेच्या ट्रंकेत पडून राहिला आणि रोही वावरात.

आणि अशा वेळी शिकारी घेऊन कोण आलं? रुपराव!

"वयनी, हे मधुसूदन सायेब," तो म्हणाला. "नागपूरचे, धरमपेठेतले. याइचे वडील आबासायेब म्हंजे या इलाख्याचे नावाजलेले शिकारी. आपले बाबा त्याइच्या हाक्याले, जनावर उठवाले, जायचे. म्या म्हटलं, आपल्या घरचं काम हाय, तुमीच या."

जुन्या मारुतीतून एक गोरे, सडसडीत, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ उतरले. खाकी टोपी, पॉलिश केलेले बूट, खांद्यावर रेक्झिनच्या खोळीत दुनळी बंदूक. नमस्कार केला तोही हात पूर्ण जोडून. गोपिकेने तोंडाने "या जी, बसा" म्हटलं. डोक्यातलं ठाणं मात्र खडबडून जागं झालं. हरभरा गेला तर ज्याचा फायदा, तोच हरभरा वाचवायला शिकारी आणतो? कुठं तरी पाणी मुरत होतं.

तरी मनाला म्हटलं, पाहू तर खरं.

मधुसूदनराव दर शनिवारी यायचे. मचाणावर चढायचे, दुर्बीण लावायचे, बंदूक मांडीवर आडवी. गोपिका खाली निंबाच्या झाडाआड उभी राहून पाहायची. ऊन कललं की कळप यायचा, ढिम्म उभा राहायचा, हरभरा खायचा. आणि बंदूक? ती मांडीवरच.

पहिल्या शनिवारी ते खाली उतरून म्हणाले, "गाभण मादी होती हो, गोपिकाबाई. तशात नाही मारत."

दुसऱ्या वेळी, "मागे रस्ता होता. गोळी सुटली तर माणसाला लागायची. घाई करून चालत नाही."

त्याच्यानंतर, "मधे एक हरीण आलं. चुकून त्याला लागलं असतं तर तुम्ही नि मी दोघंही आत."

सगळं कसं नियमाला धरून! गोपिकेला त्या नियमांचाच राग यायला लागला. हा माणूस भाकर-पिठलं खातो, ठेचा मागून घेतो, "हात छान आहे तुमचा" म्हणतो, आणि गोळी काही झाडत नाही. गोळी न झाडण्याचे पैसे मिळत असतील याला. दुसरं काय?

मग तिला आणखी एक गोष्ट दिसली. मचाणावर चढायच्या आधी साहेब एकटेच ओढ्याच्या बाजूला जायचे. हातात रिकामं पोतं आणि पाण्याचा म्हणून एक कॅन. परत यायचे तेव्हा पोतं भरलेलं, तोंड सुतळीने बांधलेलं, आणि ते मारुतीच्या डिकीत असं घाईने ढकलायचे, की चोराला लाज वाटावी. एकदा तिने सहज विचारलं, "काय आणलं जी ओढ्यावरून?"

साहेबांचे कान लाल झाले. "काही नाही, माती. आमच्या हिला कुंड्यांसाठी," म्हणाले आणि दुसरीकडे पाहायला लागले.

कुंड्यांसाठी माती! पिपरीच्या ओढ्यावरून धरमपेठेत! आता तुम्हीच सांगा, संशय घेणारीचा दोष की खोटं बोलणाऱ्याचा?

गोपिका रात्रभर तळमळली. हळूहळू सगळं जुळत गेलं. ओढ्यावर पाण्याला हरणं येतात. कोणी तरी फासे लावत असणार. परवाना तिचा रोह्याचा, त्याच्या आडून हा माणूस हरणाचं मटण शहरात नेतो. रुपराव त्याच्यात भागीदार. हरभरा रोही खाणार, हरीण हे दोघं खाणार, पकडल्या गेलं तर परवाना गोपिकेच्या नावाचा, जेलात गोपिका. एका दगडात किती पक्षी! तिला भीती वाटली आणि त्याहून जास्त संताप आला.

पुढच्या शनिवारी साहेब आले, ओढ्यावर गेले, पोतं डिकीत टाकून परत आले. गोपिका घरामागे गेली आणि वनरक्षकाला फोन लावला. गोविंदा त्याचं नाव, परवान्याच्या वेळी ओळख झालेली.

"गोविंदा, जीप घेऊन ये गा," ती दबक्या आवाजात म्हणाली. "माह्या वावरात शिकारी हाय. त्याच्या गाडीत पोतं हाय. माह्यं नाव मातर कोठी घेजो नको."

फोन ठेवला आणि तिला जरा मोकळं वाटलं. पण तोंडाला खाज होतीच. मधुसूदनराव ओट्यावर जेवत होते. ती ताटात पिठलं वाढता वाढता म्हणाली, "सायेब, एक इचारू का? ही बंदूक वाजते, का नुसती शोभेची हाय? नाई म्हणजे, रोही आता वळखीचे झाले तुमचे. उद्या रामराम घालतील."

साहेबांचा घास हातातच राहिला. त्यांनी वर पाहिलं. चेहरा असा पडला, की गोपिकेलाच क्षणभर वाटलं, जास्तच बोललो का आपण? मग ते म्हणाले, "तुमचं बरोबर आहे. तुमचं पीक जाऊन राहिलं आणि मी नुसता बसून राहिलो. आज वाजेल." अर्धं ताट तसंच ठेवून ते उठले. पहिल्यांदाच तिने त्यांना खिशातून काडतुसं काढताना पाहिलं. बंदूक बिजागरीत मोडून त्यांनी ती आत सरकवली. एक खाली पडलं, ते फुंकून पुन्हा घातलं. गोपिका मनात म्हणाली, नाटकं.

दिवस कलला तसा कळप आला. पुढे निळा नर, मान ताठ. हरभऱ्यात मधोमध उभा राहिला. मागे रस्ता नव्हता, मधे हरीण नव्हतं. निंबाआडून गोपिकेने मचाणाकडे पाहिलं. बंदूक खांद्याला लागली होती! गाल दस्त्यावर टेकलेला, बोट चापावर. म्हणजे हा खरंच मारणार? मग पोतं? मग फोन?

आणि नेमकी तेव्हाच धूळ उडवत जीप आली.

नराने मान वळवली, एक फुरफुर केली, आणि सगळा कळप धुरा ओलांडून रुपरावच्या तुरीतून पसार. मचाणावर बंदूक हळूच खाली झाली. गोपिकेने कपाळावर हात मारला. अरे बाप्पा! इतके शनिवार गेले, आज कुठं बार निघणार होता, तर तिनेच बोलावलेल्या जीपने घात केला. करायला गेलो एक न झालं भलतंच.

वनखात्याची जीप गावात शिरली की मागोमाग अख्खं गाव. सिंधूताई आल्या, रुपराव आला, चाराचे चाळीस झाले. गोविंदा मचाणाखाली उभा राहून म्हणाला, "सायेब, खाली उतरा. डिकी उघडा. खबर हाय आमच्याकडं."

"डिकी?" मधुसूदनराव पांढरे पडले. "त्यात काही नाही हो. राहू द्या ना."

पाहा, पाहा, असं गोपिकेच्या अगदी ओठावर आलं होतं.

डिकी उघडली. पोतं ओढून काढलं. गोविंदाने सुतळी कापली, पोतं उलटं केलं, आणि धुऱ्यावर घरंगळत पडला काळ्या, वाळक्या लेंड्यांचा ढीग.

सगळे वाकून पाहायला लागले. कोणी तरी विचारलं, "हे काय होय?"

"रोह्याच्या लेंड्या," मधुसूदनराव जमिनीकडे पाहत म्हणाले. "रोही मोठा शिस्तीचा प्राणी. सगळा कळप एकाच जागी घाण करतो. ती जागा ओढ्याजवळ आहे. या लेंड्या गोमूत्रात कुजवल्या आणि ते पाणी धुऱ्यावर शिंपडलं, की रोह्यांना वाटतं ही जागा दुसऱ्या कळपाची. येत नाहीत म्हणे. निदान कमी येतात. मी घरी बादल्यांत भिजवून आणून ओढ्याकडच्या धुऱ्यावर शिंपडत होतो. सांगितलं नाही, कारण... शिकारी म्हणून आलो होतो ना."

गोपिकेला आठवलं, खरंच की, ओढ्याकडचा हरभरा एवढ्यात शाबूत होता. तिने त्याचंही श्रेय मनातल्या मनात फाशांनाच दिलं होतं!

लोक हसायला लागले. गोविंदालाही हसू आवरेना, पण ड्युटी ती ड्युटी. "बंदूकबी दाखवा सायेब, नोंद करा लागते." त्याने बंदूक मोडली, काडतुसं तळहातावर घेतली, आणि नळ्या आभाळाकडे धरून आतून पाहिलं. एका नळीतून उजेड दिसला. दुसऱ्या नळीशी त्याने डोळा बारीक केला. मग हसणं एकदम थांबवून तो म्हणाला, "एक पऱ्हाटीची काडी द्या रे."

काडी नळीच्या तोंडातून आत घातली, टोकरली. खाली मातीचे गोळे पडले. घट्ट, भाजल्यासारखे, आणि त्यांच्यात वाळलेल्या बारक्या अळ्या. कुंभारमाशीने नळीत घर बांधलं होतं. एक नाही, एकामागे एक.

"सायेब, ही नळी कवा साफ केली होती?"

"दर दसऱ्याला पूजा करतो ना," मधुसूदनराव गोंधळून म्हणाले. "दस्त्याला तेल लावतो, फडक्याने पुसतो, हळदकुंकू, झेंडूचं फूल..."

"बाहेरून. अन आतून?"

साहेबांनी टोपी काढून हातात घेतली. ज्याने आयुष्यात एकदा जरी बार काढला असता, त्याने काडतूस भरायच्या आधी नळीतून आभाळ पाहिलं असतं. आपल्याकडे पूजेच्या वस्तूच्या आत कोण डोकावतो?

गोविंदा हलक्या आवाजात म्हणाला, "काडतूस भरलं होतं तुमी. चाप ओढला असता तं नळी फाटली असती. तोंडापाशी होती बंदूक. जीप जराशी उशिरा आली असती तं पंचनामा तुमचा करा लागला असता."

मधुसूदनरावांनी मचाणाची लाकडं धरली. गोपिकेला पिठलं वाढतानाचं आपलं बोलणं आठवलं. त्या नळीत माती होती, आणि चापावर बोट तिच्या बोलण्याने गेलं होतं.

एवढ्यात रुपरावला हसू फुटलं. त्याला ते कधीचं आवरत नव्हतं.

"अरे बाप्पा! आबासायबाचा पोरगा, अन बंदुकीत माशीचं घर!" तो पोट धरून म्हणाला. "नाव सोनूबाई अन हाती कथलाचा वाळा! अरे, आमचे बाबा सांगत होते ना, हा पयल्यांदा शिकारीले आला तवा पडलेलं चितळ पाहून ओकला, अन बंदूक फेकून झाडाखाली रडत बसला. सगळ्या हाकेवाल्याइले माहीत होतं. याच्या हातून उंदीर मरणार नाई, उंदीर!"

पोरंसोरं खदखदली. मधुसूदनराव मान खाली घालून उभे होते. टोपी हातात, पॉलिश केलेल्या बुटांवर लेंड्यांची धूळ. गोपिका नाही हसली. तिच्या डोक्यातलं ठाणं आता अगदी थंडपणे कामाला लागलं होतं.

"भाऊजी," ती म्हणाली, "तुमाले हे पयलेपासून माहीत होतं?"

"माहीत म्हंजे? लहानपणापासून आयकून राहिलो!"

"मंग याइच्या हातून रोही मरणार नाई हे माहीत असून, माह्या वावरात हाच शिकारी काहून आणला?"

रुपरावचं तोंड उघडं राहिलं. हसणं जिथल्या तिथं विझलं. तो इकडं पाहू लागला, तिकडं पाहू लागला. "नाई... म्या म्हटलं... आता दुसरा कोण भेटतो..."

"आपल्या घरचं काम हाय म्हणत होते ना? चांगलं केलं घरचं काम!"

सिंधूताई फार बोलणाऱ्या बाई नाहीत. त्या पुढे आल्या आणि एवढंच म्हणाल्या, "रुपराव, शब्द दोघाइचा होता. तुमी त्याच्यात बेइमानी केली. आता गोपिकेवर सहीची सक्ती नाई. हरभरा येवो का जावो." रुपराव काही तरी पुटपुटला, पण गाव त्याच्याकडे ज्या नजरेने पाहत होतं, तिच्यापुढे तो फार वेळ थांबला नाही. चपला ओढत धुरा ओलांडून निघून गेला.

म्हणजे गोपिकेचं वावर वाचलं. नाचायला पाहिजे होतं तिने. पण लोक पांगले, जीप गेली, आणि बाजेवर तो म्हातारा माणूस एकटाच बसलेला दिसला तेव्हा तिला काहीच गोड वाटेना. तिने चहा आणून दिला.

"गोपिकाबाई," ते म्हणाले, "लोक घरी यायचे, भिंतीवरची शिंगं पाहायचे, विचारायचे, यातलं तुमचं कोणतं? मी हसायचो. ते हसणं लोकांनी हो समजलं, आणि मी समजू दिलं. रुपरावांनी बोलावलं तेव्हा वाटलं, एकदा तरी जमेल." चहा संपवून ते उठले. "ते काही असो. वनखात्याला फोन रुपरावांनीच केला असेल, माझी फजिती व्हावी म्हणून. पण जीव वाचला माझा. जाता जाता त्यांचे आभार मानून येतो."

रुपरावचे आभार! गोपिकेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतका वेळ तिने ठरवलं होतं, गप्प राहायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण त्या बेइमानाला आभार? ते काही तिला सोसेना.

"त्यानं नाई केला फोन!" ती ओरडलीच. "म्या केला! तुमाले चोर समजून! मले वाटलं पोत्यात हरणाचं मटण हाय, अन तुमी दोघं मिळून माह्यं वावर खाऊन राहिले!"

बोलून गेली आणि जीभ चावली. मधुसूदनरावांनी तिच्याकडे पाहिलं. गाव हसलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं, ते आता आलं.

"मला? चोर?" ते म्हणाले. "तुमच्या ताटात जेवत होतो मी."

मग ते धुऱ्यावर गेले. लेंड्या हाताने भरून पोतं तिच्या ओट्याशी आणून ठेवलं. किती दिवस भिजवायच्या, किती पाणी घालायचं, ते सांगितलं. बंदूक खोळीत घातली आणि गाडी निघून गेली. पुढच्या शनिवारी आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

गोपिका नाकाला पदर लावून ते पाणी शिंपडत राहिली. जागलीला स्वतः मचाणावर बसली, डबे बडवले, ओरडली. रोही आले, पण पहिल्यासारखे नाही. काही हरभरा गेला, बराचसा घरी आला. मळणी झाल्यावर तिने एक पिशवी भरली, बुटीबोरीवरून बस धरली आणि विचारत विचारत धरमपेठेतलं ते घर गाठलं. वाटेत कितीदा तरी वाटलं, परत फिरावं.

दार उघडलं, पण साखळीपुरतंच. फटीतून एक चष्म्याआडचा डोळा तिच्याकडे पाहत होता. त्या उत्तराबाई, साहेबांच्या पत्नी.

"पिपरीहून आलो जी, सायबाइले हरभरा द्याले," गोपिका म्हणाली.

"अच्छा! म्हणजे पिपरीच्या त्या तुम्ही." तो डोळा तिच्या पायांपासून डोक्यापर्यंत गेला आणि परत खाली आला. गोपिकेने आयुष्यभर लोकांकडे असंच पाहिलं होतं. आपल्यावर ती नजर पडली की कसं वाटतं, ते तिला आज कळलं. अंग चोरल्यासारखं झालं, काही केलं नसतानाही.

"बरं झालं आलात. एक विचारू? खरं सांगा," उत्तराबाई आवाज खाली आणून म्हणाल्या. "दर शनिवारी बंदूक घेऊन जायचे. येताना कपड्यांना कसला तरी घाणेरडा वास. बाल्कनीत झाकून ठेवलेल्या बादल्या, मला हात लावू देत नव्हते. मग एक दिवस आले ते धड जेवले नाहीत, बोलले नाहीत. दोन दिवसांनी बंदूक ठाण्यात जमा करून आले. विचारलं तर म्हणतात, झालं आता, वय झालं. शिकारीला जात होते म्हणतात. अहो, घरात पाल निघाली तर मला हाक मारतात! तुमच्याकडे त्यांनी एक तरी गोळी झाडली का? की दुसरंच काही चाललं होतं?"

आत कुठं तरी वर्तमानपत्र सळसळत होतं. ते थांबलं.

खरं सांगणं अगदी सोपं होतं. लेंड्या, माशीचं घर, गावाचं हसणं. बाईचा संशय एका मिनिटात फिटला असता, आणि गोपिकेला खऱ्याएवढं दुसरं काही आवडत नसे. तिने पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"झाडली ना जी," ती म्हणाली. आवाज जरा मोठाच काढला, आतपर्यंत जाईल असा. "एकच झाडली. निळा नर होता, घोड्याएवढा. जागीच पडला. वनखात्यानं नेला. म्या सोता डोळ्यानं पाह्यला. त्याच्यानं तं हा हरभरा घरी आला."

उत्तराबाई तिच्याकडे पाहतच राहिल्या. त्यांनी ते खरं मानलं की नाही, गोपिकेला कळलं नाही, आणि जन्मात पहिल्यांदा तिने ते कळून घ्यायचा प्रयत्नही केला नाही.

आतून खाकरल्याचा आवाज आला. मग मधुसूदनरावांचा, थोडा घोगरा, "उत्तरा, कोण आहे गं?"

"तुमच्या शिकारीच्या साक्षीदार आल्यात," उत्तराबाई म्हणाल्या आणि त्यांनी दाराची साखळी काढली.